बासष्ट अंश, जोर पाचशे चाळीस

मी, लॉर्ना मे ट्रेव्हास्किस, वय एकाहत्तर, राहणार झीहान, टास्मानिया, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहीत आहे. गुरुवारी होबार्टला माझं हृदय उघडणार आहेत. मी फार घाबरले आहे. पण घाबरणं म्हणजे शुद्ध हरपणं नव्हे, असं वकीलबाई म्हणाल्या.

१. घर आणि त्यातलं सर्व सामान माझा धाकटा भाऊ क्लाइव्ह याला द्यावं.

२. गवत कापायचं यंत्र बॅरी डगन याला. सहा वर्षांपूर्वी ‘उद्या आणून देतो’ म्हणून नेलंय, त्याच्याकडेच आहे. आता ते त्याचं झालं. शिडी मात्र परत आणावी.

३. मागच्या खोलीतला जुना कॉम्प्युटर क्लाइव्हचा. त्यात रणगाड्यांचा खेळ आहे. डोंगराच्या अलीकडे एक रणगाडा, पलीकडे दुसरा. वारा बघायचा, तोफेचा कोन आणि जोर ठरवायचा, गोळा सोडायचा, मग समोरच्याची पाळी. एकोणीस वर्षं आम्ही दर रविवारी खेळलो. घरचे नियम दोनच. आपला गोळा पडला की उठून कॉम्प्युटरकडे पाठ करून खिडकीशी उभं राहायचं, समोरच्याचे आकडे बघायचे नाहीत. आणि ज्याची पाळी असेल त्याला कोणी घाई करायची नाही.

४. २०११ सालच्या एका रविवारी क्लाइव्ह खिडकीशी उभा असताना मी खेळातलं गुरुत्वाकर्षण गुपचूप वाढवलं. निव्वळ गंमत. त्याचे गोळे दुपारभर डोंगरावरच आपटत राहिले. माझे बरोबर पडत होते, कारण मला ठाऊक होतं. चहाच्या वेळी सांगून हसणार होते. पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. म्हणाला, “लॉर्ना, आकडे चुकतायत माझे. बाबांचंही असंच सुरू झालं होतं.”

बाबांना शेवटी आम्ही कोण तेही कळेना. त्यांचं सगळं क्लाइव्हनेच केलं होतं. हे माहीत असून माझी जीभ रेटली नाही. सोमवारी त्याने रेल्वेची नोकरी सोडली. पुढे बर्नीला वृद्धाश्रमात जाऊन राहिला, बासष्टाव्या वर्षी. डॉक्टरांना काही सापडलं नाही. तो म्हणाला, बाबांनाही आधी असंच सांगितलं होतं. दर आठवड्याला मी फोनपर्यंत जायची आणि परत यायची. आता हे न सांगता मेले तर, या विचाराने मला दरदरून घाम फुटतो.

क्लाइव्ह, तुझं डोकं ठीक होतं. गुन्हा माझा.

५. इथवर लिहून शेजारच्या एनिड पर्टनला साक्षीसाठी बोलावलं. तिने चौथं कलम वाचलं आणि पेन टेबलावर आपटलं.

“मेल्यावर सांगणार त्याला? आणि तोवर त्याने कुढत बसायचं? आधी फोन लाव. मगच सही करते.”

लावला. सगळं सांगितलं.

क्लाइव्ह म्हणाला, “हळू बोल. लिहून घेतोय मी. हल्ली सगळं लिहूनच ठेवतो.”

मी पुन्हा सांगितलं.

“बासष्ट अंश, जोर पाचशे चाळीस. वारा उजवीकडून नऊ,” तो म्हणाला. “त्या रविवारचा माझा पहिला गोळा. बरोबर होता ना तो?”

“बरोबर होता रे.”

“आठ वर्षं, लॉर्ना.”

फोन ठेवला त्याने. नंतर मी तीनदा लावला, उचलत नाही. गुरुवारची भीती आहेच. पण तोवर तो बोलेल की नाही, याची भीती जास्त आहे.

६. म्हणून शेवटचं. खेळातलं गुरुत्वाकर्षण मी आज पूर्ववत केलं आहे, डाव तसाच उघडा ठेवला आहे. मी परत आले किंवा नाही आले, तरी तो कॉम्प्युटर कोणी बंद करू नये. पाळी क्लाइव्हची आहे. त्याला कोणी घाई करू नये.

झीहान, मंगळवार, १२ मार्च २०१९

(सही) लॉर्ना मे ट्रेव्हास्किस

तिने आमच्यादेखत सही केली आणि आम्ही तिच्यादेखत:
(सही) एनिड पर्टन, शेजारीण
(सही) रॉय ऑल्डरसन, निवृत्त पोस्टमास्तर