आधी फोन, मग पत्रिका

१० नोव्हेंबर, सोमवार

उघडली. मीच उघडली! आलेली फाइल उघडू नका म्हणून वर्षभर लोकांना ओरडून सांगणारी मी.

सकाळी दुकानाचं शटर वर करत होते. एका हातात किल्ल्या, दुसऱ्यात फोन. सावळाराममामांच्या नंबरवरून 'हळदी समारंभ आमंत्रण', वर कलशाचं चित्र. मामा म्हणजे सासूबाईंचे सख्खे भाऊ. त्यांच्याकडची हळद, आणि पत्रिका न बघता ठेवायची? बोट गेलंच. फाइल काही दिसेना, फोन काहीबाही विचारत राहिला, मी हो-हो करत गेले. दहा मिनिटांत तीच पत्रिका माझ्या नंबरवरून तीनशे बारा जणांना. निम्मी भावकी, निम्मी गिऱ्हाइकं.

सिम काढलं, सायबर हेल्पलाइनला तक्रार केली, बँकेला कळवलं, फोन पुसून कोरा केला. पैसे वाचले. अब्रू गेली. मामांना विचारलं तर म्हणाले, "उन्नती, पोरी, माझ्या घरात आता कुनाची हळद? मी काय पाठवलंच नाय." त्यांचाही फोन असाच गेलेला, त्यांना पत्ताच नाही.

१२ नोव्हेंबर

भूपेशदादा, माझे मोठे दीर, जेवताना सगळ्यांसमोर — "लोकांचे कम्प्युटर सुधारायला बसलीय, आणि स्वतःच व्हायरस वाटत फिरते." जीवन खाली मान घालून भात कालवत होता. नवरा म्हणे!

मग खरं काय ते निघालं. दुकानाचा गाळा घराचा. प्लायवूडवाला भाड्यानं मागतोय. क्षितिजाचं, म्हणजे दादांच्या मुलीचं लग्न सात डिसेंबरला. ते उरकलं की दुकान बंद, गाळा त्याला. मला विचारलंसुद्धा नाही.

सहा वर्षं बसतेय तिथं. प्रिंटर, विसरलेले पासवर्ड, पाणी सांडलेले लॅपटॉप — अख्खं टेमघर माझ्याकडे येतं. कसा देतात तेच बघते.

१५ नोव्हेंबर

आज एकही गिऱ्हाईक नाही. शेजारच्या ठकुबाई समोरून गेल्या, तोंड फिरवून. माझ्याकडून आलेली पत्रिका त्यांनीही उघडली होती, चार दिवस फोन बंद. चार शिव्या घातल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

१६ नोव्हेंबर

रडून झालं. आता पुरे. चूक केलीय, चोरी नाही केली.

पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दाराला लावलं — 'मी फसले. कशी फसले ते बघायला या. चहा फुकट.' जीवन गोदामातून ड्युटी करून आला, उभ्या उभ्या वाचलं. "लोक हसतील गं." म्हटलं, हसू देत, हसायला तरी आत येतील.

१९ नोव्हेंबर

सात बायका आल्या. ठकुबाई सगळ्यांत पुढे, भांडायच्या तयारीनं.

मोठ्या स्क्रीनवर दाखवलं. पत्रिका म्हणजे फोटो, नाहीतर पीडीएफ. नावाच्या शेवटी एपीके आलं की ते अ‍ॅप, पत्रिका नव्हे. आणि कुठलीही पत्रिका 'इन्स्टॉल करू का' असं विचारत नाही. ठकुबाई म्हणाल्या, "ता सगला खरा. पन माझ्या काय ध्यानात ऱ्हानार? आनि हळदीचं आवतन न उघडता ठेवलं तं लोक बोलतील, माज आला हिला."

तिथंच तर घोडं अडतं. आमच्यात हळद चुकली की वर्षानुवर्षं ऐकावं लागतं. चोरांना ते बरोबर ठाऊक आहे.

मग एकच नियम केला. आधी फोन, मग पत्रिका. ज्याच्या घरची हळद त्याला फोन लावायचा, खरी का विचारायचं, मगच उघडायची. फोन लागला नाही तर सरळ डिलीट. पूर्वी माणसं घरी येऊन आमंत्रण करायची, आपल्याला एक फोन जड होतो का? सगळ्यांकडून तीन वेळा म्हणून घेतलं.

२६ नोव्हेंबर

आज पस्तीस जणी. बाहेर पायरीवरपर्यंत. ठकुबाई आता माझ्या आधी बोलतात, माझी चूकही माझ्यापेक्षा रंगवून सांगतात. काल्हेरहून दोघी रिक्षानं आल्या होत्या. नियम सगळ्या भावकीत फिरलाय म्हणे.

दादा जाता जाता — "बायकांचा बाजार भरवलाय." एक तारखेला प्लायवूडवाला मापं घ्यायला येणार. येऊ दे.

१ डिसेंबर

आला. मी दारात खुर्ची टाकून बसले आणि एका म्हातारीचा फोन दुरुस्त करत राहिले. अर्धा तास उभा राहिला, मग टेप गुंडाळून गेला. दादा म्हणाले, "लग्न होऊ दे, मग बघतो तुला." बघा म्हटलं.

२ डिसेंबर

दादांनी क्षितिजाच्या हळदीची पत्रिका सगळ्यांना फोनवर धाडली. कार्डं छापलीच नाहीत, "हजार घरं कोण फिरनार?" मलाही आली. नियम तो नियम — वरच्या मजल्यावर फोन लावला, "दादा, तुमचीच ना?" डोकं फिरलंय का विचारून ठेवून दिला.

४ डिसेंबर

दादा दुकानात आले. सहा वर्षांत पहिल्यांदा! फोन चार्जिंगला लावला, स्टुलावर बसले. घसा पार बसलेला.

"दोन दिवस झाले, फोन ठेवता येत नाय. एक उचलला की दहा जणांना लागत नाय, आणि लागला नाय की डिलीट करतात. ठकुबाई बोलते, उन्नती सांगंल तवाच उघडनार. परवा हळद हाय. तुझ्या आवाजात एक मेसेज टाक, पत्रिका खरी हाय म्हनून."

म्हटलं, टाकते. आधी प्लायवूडवाल्याला फोन, गाळा द्यायचा नाही म्हणून.

लावला. दादांनी, माझ्यासमोर, स्पीकरवर.