वाकीला जागा

हुबळी,
१२ नोव्हेंबर १९८७

ती. रुक्मिणीआत्यास,
स्वातीचा शि. सा. न. वि. वि.

मुंबईचा ड्रेस डिझायनिंगचा कोर्स संपवून मी परत आले, हे अप्पांनी तुला कळवलंच असेल. पण त्यांचं पत्र म्हणजे पोर आली, वाळली आहे, एवढंच. खरी बातमी अशी, की कोप्पीकर रोडच्या आपल्या कापडदुकानातला डाव्या हाताचा कोपरा मला मिळालाय. एक मशीन, एक आरसा आणि मी. मुदत गुढीपाडव्यापर्यंत. तोवर माझं गिऱ्हाईक लागलं नाही, तर तिथे नायलॉनच्या साड्यांचं कपाट येणार. एजंट दिवाळीतच जागा बघून गेला. आत्या, मला हे काम सोडून दुसरं काही करायचंच नाही ग.

सध्या इथल्या झाडून सगळ्या पोरींना फुग्याची बाही हवी. सिनेमाच्या मासिकातली कात्रणं पर्समधून काढून दाखवतात. कमरीपेठेतले आपले सटवाजी मास्तर शिवायला मदत करतात आणि बाही आहे की पुरी म्हणून दिवसभर कुरकुरतात. मी मात्र ती बाही आपल्या खणाच्या झंपराला लावणार आहे, इरकलीवर घालायला. पहिलं मोठं कामही आलंय. विठ्ठलराव अडत्यांच्या किरणचं पुढच्या महिन्यात लग्न, आणि बोहल्यावरचं झंपर माझ्या हातचं.

तू अप्पांना माझ्या बाजूचं एक पत्र लिही. ते तुझंच तेवढं ऐकतात. अशीच माझ्या पाठीशी राहा.

तुझी,
स्वाती


मिरज,
२० नोव्हेंबर १९८७

चि. स्वातीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जीव सुखावला. तुझ्या अप्पाला मी काय लिहू? अगं, त्याने एकदा नाही म्हटलं की त्याला हलवायला मारुतीच लागतो. पण त्याने तुला फॅशनवरून काही ऐकवलं, तर त्याला त्याच्या सीमांतपूजनाची आठवण दे. तेव्हा नळीसारख्या तंग विजारींची टूम होती. आमचे हे भाऊसाहेब तसली विजार घालून आले आणि पाटावर बसताच येईना. शेवटी भटजींनी खुर्ची मागवली. तुझ्या आईकडची माणसं अजून हसतात.

कोपरा मिळाला हे थोडं समजू नकोस. आमच्या अप्पांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, मला दुकानाची पायरी चढू दिली नव्हती, आणि माझ्या हातात तर तुझ्याहून सफाई होती. वेळेवर जेव. आईला माझी आठवण सांग. काही लागलं तर लाजू नकोस, आत्या कशाला असते?

तुझी,
रुक्मिणीआत्या


हुबळी,
१२ डिसेंबर १९८७

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सगळं मुसळ केरात गेलं.

झंपर देखणं झालं होतं. मोरपंखी खण, बाह्या अशा फुगलेल्या की किरण आरशासमोरून हलेना. लग्नाच्या दिवशी मीही तिथेच मिरवत होते. बोहल्यावर जायच्या आधी तिची आजी डबी घेऊन आली आणि नातीच्या दंडात घराण्यातली वाकी चढवायला लागली. फुग्यावरून चढवली, तर फुग्याचा चोळामोळा झाला. फुगा वर करून खाली घातली, तर घसरून कोपरात आली. आजी म्हणाली, वाकीवाचून आमच्या घरातली मुलगी बोहल्यावर चढत नाही. मग तेवढ्यात कुणाचं तरी जुनं साधं झंपर किरणला घातलं. रंग साडीशी जात नव्हता. ती रडली, काजळ उतरलं, आणि तशीच उभी राहिली.

मी छाती, कंबर, पाठ, सगळी मापं घेतली होती. वाकी आहे का, एवढं विचारलं नाही. मुंबईत होते तिथे कुणी घालत नव्हतं, म्हणून डोक्यातूनच गेलं. आपल्या माणसांत वाढून विसरले.

आज किरणची आई भर दुकानात येऊन झंपर परत ठेवून गेली. वाकीला जागा ठेवू नये हे कुठल्या शाळेत शिकवतात, असं विचारलं. गिऱ्हाइकं ऐकत होती. अप्पा साडीची घडी घालत राहिले. मला फार लाज वाटतेय. आता धनुर्मास, लग्नं बंद. पाडव्यापर्यंत कोण येणार माझ्याकडे?

दुसरं काही सुचत नाही. उत्तर मात्र लिही.

तुझी,
स्वाती


मिरज,
१८ डिसेंबर १९८७

चि. स्वातीस,
अनेक आशीर्वाद.

रडून झालं असेल तर वाच. हुबळीला निघालेल्या बाळाचार्यांबरोबर माझी वाकी पाठवली आहे. मापाला ठेव, हवी तेवढे दिवस ठेव. पाठवायचं कुणाला सुचलं हे विचारू नकोस, मी शब्द दिलाय.

लग्नं बंद आहेत हे बरंच झालं. महिनाभर तुला कुणी घाई करणार नाही. तेच झंपर उसव आणि पुन्हा बस.

आत्याचा जीव तुझ्याकडे लागलाय, दोन ओळी तरी टाक.

रुक्मिणीआत्या


हुबळी,
२० जानेवारी १९८८

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाही जमली! आधी वाकी ठेवली आणि तिच्याभोवती बाही बेतली. वर एक लहान फुगा, खाली एक लहान फुगा, आणि मधे खणाच्या काठाची घट्ट पट्टी. वाकी त्या पट्टीवर बसते, हलत नाही, आणि दोन्ही फुगे तिला वरखालून धरून ठेवतात. मास्तरांनी चार वेळा उसवली. पाचव्यांदा पुरी म्हणाले नाहीत.

किरणची पहिली संक्रांत होती. सासर धारवाडला, केलगेरीकडे. झंपर घेऊन मी तिथे गेले. तिच्या सासूबाई काय म्हणतील कोण जाणे. हलव्याचे दागिने घालायला तिची आजीही आली होती. तिने स्वतः वाकी चढवली, दंड वर करायला लावला, खाली करायला लावला, आणि माझ्या गालावरून हात फिरवला. मग हळदीकुंकवाला आलेल्या बायका तीळगूळ हातात घेऊन बाहीच बघत बसल्या. किरण हसत होती. तिचं लग्न काही मला परत देता येणार नाही. पण तिने पुढच्या सणाचं झंपर मलाच सांगितलंय.

कपाटाचा बेत अप्पांनी अजून सोडलेला नाही. पाडवा जवळ येतोय, तुझ्या आशीर्वादावर भिस्त.

तुझी,
स्वाती


हुबळी,
१४ मार्च १९८८

ती. सौ. अक्कास,
यशवंतचा सा. न. वि. वि.

तुझी वाकी सोबत पाठवतो. मी मागवली होती हे पोरीला सांगितलं नाहीस, बरं केलंस. तिला वाटू दे बाप कठोर आहे.

इकडे दुकानात बसायची सोय उरलेली नाही. लग्नसराईच्या बायका डबीतून वाक्या घेऊन येतात आणि माझ्या गादीवरच बसतात. मास्तरांनी कमरीपेठेतून आणखी एक मशीन आणून टाकलं, मला विचारलंसुद्धा नाही.

काल एजंट कपाटाचं नक्की करायला आला होता. दिवाळीत मी त्याला शब्द दिल्यासारखंच होतं. तेवढ्यात अळणावरकडची एक बाई दोन मुलींना घेऊन दारात थांबली. दुकानाच्या फळीवरचं नाव वाचलं, घोटाळली, आणि कन्नडात मला विचारलं, की स्वातीअक्कांचं दुकान ते हेच का.

फळीवर आपल्या अप्पांचं नाव आहे, त्याखाली माझं. स्वाती आत कात्री चालवत होती, तिने ऐकलं नाही. एजंटाने ऐकलं.

अक्का, मी गादीवरून उठलो, आणि हो, हेच, म्हणालो.

पाडव्याला तू ये. गाडीवर घ्यायला मी येतो.

तुझा धाकटा,
यशवंत