एकाच नावाचे दोन बिल्ले

सोमवार, ११ नोव्हेंबर

नाही, आधी ऐकून घे! बिघाड आमच्या सर्व्हरमध्ये नाही. सगळ्या नोंदी चाळल्या – एकही चूक नाही. तरी लोक मधेच बाहेर फेकले जातायत. 'पुन्हा लॉगिन करा.' भाड्याच्या घरासाठी नंबर लावायची साइट आहे ही, गेम नाही.

रांगेतल्या गुनवोरबाईंचा परत फोन. नवऱ्याचं एक अंग लुळं पडलंय, घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यांना जुन्या सूतगिरणीतलं तळमजल्याचं घर हवंय. नकाशा बघतात, अर्जावर जातात – की बाहेर! "बाळ, मी काही चुकीचं दाबतेय का?" नाही, म्हटलं. अर्ज शुक्रवारी दुपारी बंद.

तेच घर मलाही हवंय. ज्याच्या खोलीत मी पोटभाड्याने राहते तो लिनुस महिनाअखेर पार उत्तरेकडच्या किरुनाहून परत येतोय. साइटची नवी पानं सुरू व्हायच्या आदल्या दिवशीच मी अर्ज टाकला. जो जास्त वर्षं रांगेत, तो वर. आज मी पहिली!

मंगळवार, १२

जुना सर्व्हर सांभाळणारा रोल्फ म्हणतो, आमच्याकडे सगळं ठीक. आमचा प्रमुख होकान म्हणतो, आमच्याकडेही. दोघंही खोटं बोलत नाहीत, हीच पंचाईत.

बुधवार, १३

सापडलं!

घरं दाखवतो आमचा नवा सर्व्हर, अर्ज घेतो रोल्फचा जुना. लॉगिन झालं की प्रत्येक सर्व्हर आपला बिल्ला देतो – हा माणूस आपला, आत सोडा. पण दोन्ही बिल्ल्यांचं नाव एकच! ब्राउझर एका नावाचा एकच ठेवतो. इकडचा आला की तिकडचा पुसला. दोघांनी आपापलं एकट्याने तपासलं, म्हणून कुणाला दिसलंच नाही.

पण रोल्फच्या बिल्ल्याचं नाव तर वेगळं होतं ना?

विचारलं. तेसुद्धा फिकाच्या, म्हणजे कॉफीच्या सुट्टीच्या वेळी, दालचिनीचा बन हातात असताना, जिथे कामाचं कुणी बोलत नाही. सगळे कपात बघायला लागले. रोल्फचे कान लाल. मग हळूच म्हणाला, "मीटिंगमध्ये ठरलं ना, सगळं सारखं असावं. तुम्हाला बदलायला लागू नये म्हणून आम्हीच तुमचं नाव घेतलं."

मग सांगितलं का नाहीस?

"मिरवल्यासारखं झालं असतं."

गुरुवार, १४

होकान म्हणाला, शनिवार-रविवारच्या तोंडावर बदल नको, सोमवारी करू. सगळ्यांनी माना डोलावल्या. रोल्फनेही.

मीही नुसती मान हलवायची, की झालं. कुणी काही म्हटलं नसतं. बाकीचे अर्ज अडकलेलेच, घर माझं.

तरी म्हटलं, "उद्या अर्ज बंद होतायत. आजच करायचं."

मीटिंगमध्ये असं कुणी बोलत नाही. होकानने खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाला, कुणाची हरकत? कुणाचीच नव्हती – आधीही नव्हती! रोल्फने जेवणाआधीच जुनं नाव परत लावलं. वाटाण्याचं सूप घेताना माझ्या शेजारी बसला, मोहरीची बाटली पुढे सरकवली.

गुनवोरबाईंना फोन केला. आता करून बघा, म्हटलं.

संध्याकाळी मी सहावी.

शुक्रवार, १५

अर्ज बंद. मी एकोणिसावी. पहिल्या गुनवोरबाई.

त्यांचाच फोन. "मिळालं बघ! किती वर्षं रांगेत काढली. तुम्हा पोरांना काय कळणार वाट बघणं."

खरंय, म्हटलं. त्या अजून काहीतरी सांगत होत्या. ठेवला फोन.

निघते. दुकान बंद व्हायच्या आत सामान भरायला खोकी आणायचीत.