ओढले गेले

१८ ऑगस्ट, सकाळ

प्रिय वहिनी,

इतके महिने पत्र नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. महिने म्हणणंही लबाडीच झाली. तुझ्या लग्नाला सतरा वर्षं झाली आणि मी तुला एक ओळ लिहिलेली नाही. फोनवर 'बऱ्या आहात ना, दादाला देता का' याच्या पुढे मी गेले नाही. शेजारच्या स्टुलावर बसून चार वर्षं काम केलेल्या मैत्रिणीला मी एका दिवसात 'अहो वहिनी' करून टाकलं. घरच्यांना तो मान वाटला. मला ती सोय होती.

दादाचा गुडघा कसा आहे? जिने टाळतो का, की अजून मीच शहाणा म्हणून चढतो? इथे प्रयोगशाळेच्या खिडकीची काच तीच, तडा गेलेली. तुझं स्टूलही तेच, एका पायाखाली पुठ्ठा.

आता बातमी. परवापासून ती पोटात मावत नाही. चिमटी (हो, आज तुझं प्रयोगशाळेतलं जुनं नावच घेते), तू बरोबर होतीस! पुरेपूर बरोबर. मोजून, तपासून, पुन्हा मोजून सांगते.

तू शाळेत मुलांना विज्ञान शिकवतेस, विसरली नसशीलच. तरी माझ्या समाधानासाठी पहिल्यापासून लिहिते. आपल्या सरांचं म्हणणं, कोरड्या दगडी भिंतीवरच्या गोगलगायी एक जात आणि खालच्या ओलसर घळीतल्या दुसरी. कवचं सारखी, फरक आत. शुक्रजंतू साठवायच्या पिशवीची नळी भिंतीवरच्यांत आखूड, घळीतल्यांत जवळपास दुप्पट. जननेंद्रियं वेगळी म्हणजे जात वेगळी. या वाक्यावर सरांचं नाव उभं होतं आणि माझा प्रबंधही. आणि तू त्याच कोरड्या भिंतीवर, टाकी गळत होती तिथे, लांब नळीच्या एकतीस गोगलगायी शोधून आणल्यास. म्हणालीस, "जात नाही गं बदलली, जागा बदलली. ओल मिळाली की आतलं वाढतं, एवढंच."

पुढचं तुला माहीत आहे. नोंदवहीत तुझ्या एकतीस मापांना एक कंस पडला आणि समोर लाल शेरा: 'ओढले गेले'. म्हणजे कापताना तुझ्या हाताने नळ्या ताणल्या. मापं बाद, तुझा प्रबंध बाद. तू पिशवी उचललीस आणि गेलीस.

तीन वर्षांपूर्वी भाची मला फोनवर सांगत होती, "आत्या, बोटात कुसळ गेलं ना, तर आई असं काढते की कळतसुद्धा नाही." ती शाळेचं पुढे बरंच बोलली. मी काही ऐकलं नाही.

त्याच आठवड्यात मी भिंतीवरून अकरा गोगलगायी आणल्या. प्रत्येकीची अंडी निम्मी निम्मी केली. अर्धी ओल्या डब्यात, रोज फवारा. अर्धी कोरड्या डब्यात, आठवड्याला एकदा. (यांच्यात प्रत्येक जण आई आणि बाप दोन्ही असतो. तू म्हणायचीस, सासर-माहेर ही भानगडच नाही, रुसून जायचं तरी कुणाकडे!) दोन वर्षं वाढवल्या. कापायच्या वेळी मला माझ्याच हाताची धास्ती वाटली, हवं ते दिसावं म्हणून मीच नळ्या ओढल्या तर? म्हणून शिपाईमामांना बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या काढून नुसते आकडे लावायला सांगितले. मामा दोन तास माझ्याकडे पाठ करून बसले आणि म्हणाले, "घ्या मॅडम. आता यातली कोरडी कोण आणि ओली कोण, ते माझ्या वहीला माहीत. मला मारलंत तरी सांगता यायचं नाही."

महिनाभराने वही उघडली. ओल्या डब्यातल्यांच्या नळ्या लांब, कोरड्यातल्यांच्या आखूड. सख्खी भावंडं! दोन अपवाद निघाले, तेही लेखात लिहिलेत. मी टेबलावर हात आपटला तेव्हा मामा धावत आले, काही फुटलं असं वाटून.

मग कपाटातून तुझ्या एकतीस बाटल्या काढल्या. ओढलेल्या नळीची भिंत ताणून पातळ होते, आतल्या घड्या पुसल्या जातात. तुझ्या एकतिसांच्याही घड्या जिथल्या तिथे. एकही ओढलेली नाही. हे बघायला अर्धा दिवस लागला. अठरा वर्षांत कुठलाही अर्धा दिवस चालला असता.

काल सर आले. काठी टेकत दोन मजले चढले. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि न उचलताच म्हणाले, "हात ओढतोय तुझा."

"नळीची भिंत बघा सर."

बराच वेळ बघत राहिले. "घड्या शाबूत आहेत. घळीतली ना ही?"

"भिंतीवरच्या आईची. हिची भावंडं त्या ताटलीत आहेत, आखूड नळीची."

त्यांनी ताटली पाहिली. मी तुझी बाटली पुढे ठेवली. चिठ्ठीवरचं तुझं अक्षर त्यांनी ओळखलं. तीही पाहिली. मग खुर्चीत मागे रेलून मोठ्याने हसले. "म्हणजे आयुष्यभर मी एकाच पोरीला दोन नावांनी हाका मारल्या! लिही. माझं नाव घेऊन, चुकलो असं स्वच्छ लिही." मामा दारात उभे होते, तेही हसत होते.

आणि सर म्हणाले, "पण त्या मुलीचा हात ओढतो, हे मला सांगितलं कुणी होतं?"

मी आधी भिंग पुसलं, ते स्वच्छच होतं. मग म्हणाले, "मी, सर."

वहिनी, तो शेरा सरांचा नाही. पेन त्यांचं होतं. त्यांनी विचारलं होतं, "हिचा हात ओढतो का गं?" मी म्हणाले, "कधीकधी." तुझा हात ओढताना मी कधीच पाहिला नव्हता. तुझी मापं खरी ठरली असती तर माझी तीन वर्षं गेली असती, हे मात्र मला त्या क्षणी लख्ख दिसत होतं. सर म्हणाले, "मग लिहून टाक." मी लिहिलं, त्यांच्यासारखं अक्षर काढून. ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

सरांनी एवढंच विचारलं, "तिला सांगितलंस?"

लेख परवाच स्वीकारला गेलाय, सरांची ती ओळ छपाईआधी त्यात जाईल. नाव तुझं आधी, मग माझं. त्यासाठी तुझ्या संमतीची सही लागते, कागद सोबत आहे. दादाला फोन करून ती सही मी हे सगळं न सांगताही मागवू शकले असते. तसा विचार दोन दिवस केलाही. सही केलीस किंवा नाही केलीस, तरी तुझी एकतीस मापं तुझ्या नावानेच छापली जातील, तेवढं मी पक्कं करून घेतलंय. जिंकली आहेस तू, चिमटी. ते आता कुणाच्या शेऱ्यावर अवलंबून नाही.

तुझी नणंद तर मी दादामुळे आहेच. शेजारच्या स्टुलावरची म्हणायचं की नाही, ते तू ठरव.

उद्या: नोंदवही, पान चौसष्ट. लाल शेऱ्यावर एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी. बाजूला तारीख आणि माझ्या अक्षरात माझी सही.