रीना, स्टॅमिना ९६

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली. मुली अर्ध्याच आल्या आहेत, बाकीच्या घरी धान कापतायत. आश्रमशाळेला बास्केटबॉलचा खांब मिळाला. एकच. दुसरा मागून येतोय म्हणे. खेळाचा शिक्षक म्हणून पावतीवर सही मीच केली.

संकल्प : यंदा मुलींचा संघ पहिला आणायचा. स्पर्धा ४ आणि ५ डिसेंबरला, अहेरीत. आठ आश्रमशाळा. मी स्वतः बास्केटबॉल कधी खेळलेलो नाही, आमचं सगळं कबड्डीत गेलं. पण ही जमेची बाजू आहे. मनात पूर्वग्रह नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

शाळेच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम टाकला. यात आपली आपण लीग बनवता येते. संघ आपले, खेळाडू आपले, प्रत्येकीला शंभरपैकी मार्क द्यायचे. बटन दाबलं की अख्खा सीझन खेळून मोकळा. आठ शाळा, प्रत्येकी बारा मुली. शहाण्णव नावं भरायची आहेत. जिल्ह्यात असं काम कोणी केलेलं नाही. बायकोला फोनवर सांगितलं. पुनम म्हणाली, चांगलं आहे, जेवले का.

८ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी ३

उंची-वजनासाठी मुलींची आरोग्यकार्डं अधीक्षिका वच्छलाबाईंकडून मागवून घेतली. इतर शाळांची उंची अंदाजे टाकली.

स्टॅमिना मोजायचं यंत्र शाळेत नाही. मग सूत्र काढलं. मुलीचं गाव डांबरी रस्त्यापासून जितकं लांब, तितका स्टॅमिना जास्त. या पोरी जन्मापासून चालतात, त्याचा कुठेतरी फायदा व्हायलाच पाहिजे. अहेरीत घर असलेल्यांना ४०. दर किलोमीटरला सात मार्क वाढवत गेलो. आमच्या नववीतल्या रीनाचं गाव नदीपलीकडे, आठ किलोमीटर आत. स्टॅमिना ९६. उंचीही बरी आहे. सगळं मिळून ९१. पूर्ण लीगमध्ये पहिली.

मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. ही मुलगी मैदानात कडेला बसलेली असते. आपल्याकडे हिरा असतो आणि आपण त्याच्यावर चटणी वाटतो.

९ नोव्हेंबर, रविवार

वच्छलाबाई खोलीवर आल्या. म्हणाल्या, "सर, त्या रीनाले सिकल हाय. कार्डावर लिवलं हाय, पाहा. थंडीत तिले पळवू नका. मांगच्या साली चार दिवस भरती होती ते." कार्ड पाहिलं. खरंच लिहिलंय. सिकलसेल, पूर्ण रुग्ण. खाली गोळीचं नाव, भरपूर पाणी, थंडी टाळावी, दमवू नये.

विचार केला. प्रोग्राममध्ये यासाठी रकाना नाही. वेग आहे, उडी आहे, नेम आहे, हे नाही. शिवाय बाईंनी खेळाबद्दल मला शिकवायचं आणि मी त्यांना भात किती शिजवायचा ते शिकवायचं, असं चालू झालं तर शाळा कशी चालेल? कार्ड हरवू नये म्हणून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

शंभर सीझन खेळवले. आम्ही एकाहत्तर जिंकलो. अर्थातच रीनामुळे. तिला बसवून खेळवलं तर फक्त बावीस.

आता खरी परीक्षा. कॉम्प्युटरच्या पाच आणि मैदानातल्या पाच यांची तुलना. आठही शाळांचा तक्ता केला, डावीकडे कागदावरच्या, उजवीकडे खरोखर सुरुवात करणाऱ्या. इतर शाळांच्या खेळशिक्षकांना फोन लावले. अतुल सर म्हणाले, "कोन्त्या पाच? ज्या भाकर खाऊन पयले आल्या त्या उतरवतो ना बाप्पा." अशा माणसांशी माझी लढत आहे. त्यांच्या शाळेसमोर फुली मारली.

आमची जुळणी पाचपैकी दोन. हे लाजिरवाणं आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कारण सापडलं. आमच्या संघात सुरुवातीच्या पाच अशा नाहीतच. मुली सारख्या बदलत असतात. एक दमली की ती नुसती बाजूला होते आणि दुसरी आत येते. मला विचारत नाहीत, शिट्टी नाही, काही नाही. रीना दोन मिनिटं खेळते, गुडघ्यावर हात ठेवते, की दिव्या आत. थोड्या वेळाने रीना परत. दिव्या दहावीतली, तिच्याच गावची. तिला विचारलं, हा काय प्रकार आहे? ती म्हणाली, "सर, बांधीत धान कापताना जे थकते ते धुऱ्यावर बसते. दुसरी तिची पात धरते. तसंच."

म्हणजे दमलेलीने बांधावर बसायचं, तिची अर्धवट कापलेली ओळ दुसरीने पुरी करायची, कोणी किती कापलं ते मोजायचं नाही. शेतात ठीक आहे. पण इथे प्रत्येकीची मिनिटं मोजल्याशिवाय तक्ता भरणार कसा?

१५ नोव्हेंबर, शनिवार

बिरसा मुंडा जयंती. कार्यक्रम झाल्यावर मैदानात नियम जाहीर केला. आजपासून पात धरणं बंद. माझ्या पाच ठरल्या, त्याच चाळीस मिनिटं खेळतील. बदल मी सांगेन तेव्हा. रीनाने मान खाली घालून हो म्हटलं. शिस्त आली की संघ घडतो.

१९ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ७.३०

थंडी चांगलीच पडली. साडेपाचला सराव ठेवला. मी शाल, कानटोपी, स्वेटर असा बंदोबस्त करून उभा होतो. मुली तोंडातून वाफा काढत पळत होत्या.

रीना म्हणाली, "सर, पाय दुखून राह्यले." मी म्हणालो, सगळ्यांचेच दुखतात, माझेही दुखतायत. ती पळाली. सरावानंतर कुठे गेली म्हणून पाहिलं तर अंघोळीच्या पाण्याच्या चुलीला पाठ लावून बसलेली. वच्छलाबाई तिचे गुडघे चोळत होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. अशाने मुली लाडावतात.

प्रोग्राममध्ये दुखापतीचा एक पर्याय आहे. चालू ठेवला की अधूनमधून खेळाडू जायबंदी होतात आणि निकाल बिघडतात. बंद करून टाकला. आता शंभरपैकी त्र्याऐंशी.

२४ नोव्हेंबर, सोमवार

जुळणी पाचपैकी चार. रीना अजून मैदानात ९१ सारखी खेळत नाही, ५० सारखी खेळते. तपासलं. माझी आकडेमोड बरोबर आहे. म्हणजे कमी तिच्यात आहे. आत्मविश्वास.

तिला ऑफिसमध्ये बोलावून स्क्रीन दाखवली. बघ, आठ शाळांत तू पहिली. ती बराच वेळ आपलं नाव बघत राहिली. म्हणाली, "मी?" मग हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. जाताना दारात थांबून म्हणाली, पाय रात्री जास्त दुखतात, पण खेळतो मी. मी म्हणालो, शाब्बास.

याला म्हणतात मार्गदर्शन.

२९ नोव्हेंबर, शनिवार

स्पर्धेचे फॉर्म भरले. "खेळाडू शारीरिकदृष्ट्या तंदुरुस्त आहे", खाली मार्गदर्शक शिक्षकाची सही. बारा सह्या केल्या. रीनाच्या फॉर्मवर पेन जरा अडखळला. थंडीने शाई गोठत असावी. वच्छलाबाईंना सोबत नेणार होतो, पण गाडीत जागा कमी. तक्ते आहेत, बॉल आहेत. त्यांना राहू दिलं. मुली बाईंशिवाय जास्त मोकळ्या खेळतात.

४ डिसेंबर, गुरुवार. अहेरी. संध्याकाळी ६

जिंकलो! दोन्ही सामने. मुली दोन खांबांमधलं मैदान पहिल्यांदाच बघत होत्या, सुरुवातीला एकदा आपल्याच रिंगकडे पळाल्या. मग सावरल्या. १६–९ आणि १४–११. आमची जुळणी पाचपैकी पाच. रीना दोन्ही सामन्यांत पूर्ण चाळीस मिनिटं. दुसऱ्यात आठ गुण तिचे. अतुल सर येऊन म्हणाले, "कोनत्या चक्कीचं पीठ चारलं बे पोरींले?" मी फक्त तक्ता दाखवला.

मुलींची राहायची सोय एका शाळेच्या वर्गात आहे, फरशीवर. पांघरुणं कमी पडली. दिव्याने आपलं रीनाला दिलं असं दिसलं. दिव्या येऊन म्हणाली, "सर, उद्या तिच्या बदल्यात मी जातो. तिचे पाय खरंच दुखून राह्यले." दिव्याचा स्टॅमिनाही ९६, पण उंची कमी, सगळं मिळून ४४. तिचं मला कौतुक वाटलं, पण अशी मागणी कोणीही करेल.

५ डिसेंबर, शुक्रवार. दुपारी ४. दवाखाना, अहेरी

अंतिम सामना हरलो. क्रम लावून लिहितो, म्हणजे पुढे गैरसमज नको.

शेवटच्या भागात आम्ही दोनने पुढे होतो. रीनाचा वेग कमी झाला. कंबर धरून चालत होती. माझ्याकडे बघून हात वर केला. मी खूण केली, खेळ. सात मिनिटं उरली होती आणि कागदावर सामना आमचा होता. मग ती बसली. मग आडवी झाली. दिव्या कोणाला न विचारता मैदानात धावली आणि तिला कवटाळून बसली. पंचांनी त्याबद्दल आमच्यावर दंड लावला. दंडाचा गुण, मग दोन बास्केट. पंचांची तक्रार लेखी करणार आहे.

रीना ओरडत नव्हती. दात आवळून हुंकारत होती. अतुल सरांनी तिला उचलून स्वतःच्या गाडीत घातलं. मी फाईल घेऊन मागे बसलो.

डॉक्टर तरुण आहेत. आत नेताना विचारलं, हिला कोणता आजार? मी म्हणालो, माहीत नाही, खेळताना पडली. शाळेचं नाव खराब होऊ नये, इतकाच हेतू. शिवाय ती पडली हे खरंच आहे.

६ डिसेंबर, शनिवार. सकाळी १०

वच्छलाबाई पहिल्या बसने आल्या. दिव्याने कोणाच्या तरी मोबाईलवरून कळवलं होतं. बाईंनी येताच डॉक्टरांना सिकल सांगितलं. डॉक्टरांना रात्रीच रक्ताच्या तपासणीत कळलं होतं, सलाईन लावलेलं होतं. पण ते माझ्याकडे वळून म्हणाले, कार्ड असेलच ना हिचं. मी म्हणालो, ड्रॉवरमध्ये सुरक्षित आहे. बोलून गेल्यावर ते वाक्य मला आवडलं नाही.

बाई रीनाच्या पायाशी जाऊन बसल्या. भांडल्या असत्या तर मला उत्तरं देता आली असती. तयार होती.

१० डिसेंबर, बुधवार

रीनाला जिल्ह्याच्या दवाखान्यात हलवलं. मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं. खुब्याच्या हाडाला रक्त कमी पडत होतं, आधीपासूनच थोडं होतं म्हणे, आता बरंच बिघडलं. पळणं बंद. चालणं काठीने, बाकी पुढे बघू. वय चौदा.

"आधीपासूनच" हा शब्द महत्त्वाचा आहे. मुख्याध्यापकांना दोनदा म्हणायला लावला.

तरी आज प्रोग्राम उघडला तेव्हा तिच्या नावापुढे ९१ दिसत होतं. कमी करायला हात गेला नाही. ९१ तसंच ठेवून बंद केलं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

पुढच्या वर्षी व्हॉलीबॉल घ्यायचा विचार पक्का होत होता. त्यात माणसं कमी पळतात. सकाळी त्याचेच रकाने आखत होतो, तेवढ्यात दिव्या दारात. रीनाची आई आली आहे, पेटी न्यायला. रीना आता घरीच राहणार.

आईचं नाव बुधरीबाई. दवाखान्यातून थेट आलेल्या. मराठी फारसं येत नाही, म्हणून दिव्या मधे उभी. मी खुर्ची दिली. त्या खाली बसल्या. मी सगळं तयार ठेवलं होतं. तुमची मुलगी आठ शाळांत पहिली होती, असं म्हणून तक्ता त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा धरला, थोडा वेळ बघितला, घडी घालून पदरात बांधला. मग काहीतरी विचारलं.

दिव्याने मराठीत सांगितलं. "सर, आई विचारते, दुखते म्हनून रीनानं तुमाले सांगितलं होतं का?"

बाकी काही विचारलं नाही. का पळवलं, सही का केली, कार्ड कुठे होतं, काहीच नाही.

मी नाही म्हणालो. म्हणालो, मला सांगितलं असतं तर मी खेळवलंच नसतं. वाक्य पूर्ण, स्पष्ट, नीट आवाजात आलं.

दिव्याने माझ्याकडे पाहिलं. मग बुधरीबाईंना माडियात एकच शब्द सांगितला. सहा वर्षं इथे काढून मला त्या भाषेतलं फार येत नाही, पण "हो" मला कळतं.

दिव्या खोटं बोलते आहे, असं म्हणायला वेळ होता. मी म्हणालो नाही. मला लाज वाटली, आणि ती दोघींना दिसली. बुधरीबाई थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या, रागाने नाही, नीट ओळखून घ्यावं तसं. मग उठल्या. पेटी जड होती. एक कडी त्यांनी धरली, दुसरी दिव्याने, आणि दोघी नदीच्या वाटेने निघाल्या.