दुपारची हाक

तीर्थरूप आईस,
लेकीचा इथूनच वाकून नमस्कार.

मी ठीक आहे. लॉन्ड्रीतलं काम आता अंगवळणी पडलंय, वाफेने हात तेवढे सोलवटतात. दुपारी इस्त्रीवाल्या मावशी हाक मारतात, "चल गं, चार घास खाऊन घे." पहिल्या दिवशी ते ऐकलं आणि मी डोळे पुसत पुसत जेवले. मावशींना वाटलं, भाजी तिखट झाली.

तुझं पत्र पोचलं. दुपारी ताट पुढे सरकवताना वहिनी "घ्या, गिळा" म्हणते आणि तुझ्या काळजाला घरं पडतात, असं लिहिलंस. वाचून वाईट वाटलं. पण तिला बोल लावू नकोस. दादाला तू "जेवून घे रे राजा" म्हणायचीस आणि मला नि वहिनीला "गिळा एकदाचं". तिने हा शब्द माहेराहून आणलेला नाही, तुझ्याच हाताखाली शिकली ती.

दादा काही बोलतो का तिला? की तेव्हासारखाच मान खाली घालून जेवतो?

माझ्याकडे येऊ का, असं विचारलंस. खोली लहान आहे, कॉट एकच आहे. दुपारी मी कामावर असते, तुला वाढणार कोण? मावशी आहेत, पण ती हाक मला फार उशिरा मिळालीय. ती मी कुणाबरोबर वाटून घेणार नाही.

गुडघ्यांना तेल लावत जा. उन्हात फिरू नकोस. आणि रुसून उपाशी बसू नकोस, वेळेवर गिळत जा.

तुझ्याच वळणाची,
लेक