पुनवेपर्यंतची खोली

बमरोली, सुरत
१२ मे १९९७

तीर्थरूप दादांना,
रंजनाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही तिघं खुशाल आहोत. तुमचं पत्र पोचलं. तुम्ही बुद्धपौर्णिमेला येताय हे ऐकून वृषाली अंगणभर नाचली. आईच्या गुडघ्याला आराम आहे का? तेल लावायचं सोडू देऊ नका. ती ऐकायची नाही, पण तुम्ही ओरडत राहा.

इथे ऊन मरणाचं आहे. त्यात चारी बाजूंनी कापडाच्या मागांचा खडखडाट. आता तर तो थांबला की मला जाग येते.

मागच्या पत्रांत मी खोलीचं फार कौतुक केलं होतं. ते खोटं नव्हतं. आधी आम्ही प्रफुल्लच्या कारखान्यातल्या लोटूभाऊंच्या खोलीत दोन कुटुंबं राहायचो. ते रात्रपाळीला, प्रफुल्ल दिवसपाळीला. एक उठला की दुसरा त्याच गोधडीवर आडवा. गोधडी कधी गार म्हणून झाली नाही. पुरुषमाणूस झोपला की मी आणि लोटूभाऊंची बायको पोरांना घेऊन बाहेर ओट्यावर.

मग खोली शोधायला निघालो. कतारगामला शेठ म्हणाला, मराठी लोकांना द्यायची नाही. पांडेसऱ्यात एकाने जात विचारली. आम्ही सांगितली. तो म्हणाला, "अरे, खोली कालच गेली." रिकाम्या खोलीचं कुलूप आमच्या डोळ्यांसमोर लटकत होतं! तिसरीकडे डिपॉझिट ऐकूनच परत फिरलो. शेवटी इथे आलो. मालकीण कलाबाई आपल्या धुळ्याकडच्याच. बोलणं अहिराणी, हात सढळ. त्यांनी आडनाव विचारलं. प्रफुल्लने निकम सांगितलं. त्या म्हणाल्या, "निकम म्हणजे पाटीलच ना?"

दादा, इथपर्यंत लिहिलं आणि पुढे हात चालेना. उठून चहा करून आले.

प्रफुल्ल गप्प बसला. होय म्हणून मान मी हलवली.

"आपली माणसं" म्हणून भाडं कमी झालं, डिपॉझिट हप्त्याने चालेल म्हणाल्या. घरात नळ, मागे मोरी, खिडकीतून कडुनिंब दिसतो. मला मोह पडला, दादा. बाबासाहेबांचा फोटो पेटीत गेला, गोधड्यांच्या खाली. वृषालीला शिकवलं की दारात कुणी आलं तर जयभीम म्हणायचं नाही. तिच्याएवढी असताना तुम्ही मला गावच्या चौकात उभं करून पूर्ण नाव मोठ्याने सांगायला लावायचात. मी माझ्या पोरीला तोंड दाबायला शिकवलं.

तुम्ही येणार कळलं तेव्हा ठरवलं होतं, लिहून टाकावं की दादा, दारात नुसतं राम राम म्हणा. दोनदा पत्र घेऊन बसले. तुम्हाला ते लिहवेना.

आणि मग शुक्रवारी अक्षय्यतृतीया, आपली अखाजी आली. आपल्याकडे अखाजी म्हणजे आमरस, पुरणपोळी आणि झोका. बाकीचं आजोबांनी धर्म बदलला तेव्हाच सोडलं. इथे चाळीतल्या सगळ्या खान्देशी बायका अंगणात एकत्र पितरांची घागर भरतात. कलाबाईंनी माझ्यासाठीही नवी घागर आणि खरबूज आणून ठेवलं. नाही कसं म्हणू? शेजारणीकडे बघत बघत सगळं केलं. मग प्रत्येकीने उंबऱ्यावर कुंकवाचं बोट ओढायचं आणि घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. माझी पाळी आली आणि डोकं रिकामं झालं. तोंडातून निघालं, "काशीबाई."

माझी सासू! ठणठणीत जिवंत! थंडीत येऊन पंधरा दिवस राहून गेली, कलाबाईंसोबत पापड लाटले तिने.

कलाबाई ओरडल्या, "ओ माय! जिती सासूनी घागर भरी का व तू?" बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. मीही हसले. पण कलाबाईंचं हसू मध्येच थांबलं. त्यांनी मला त्यांच्या घरात नेलं, दार लोटलं.

"तुमनामा घागर भरतस नही ना?"

मी म्हटलं, "नाही."

"जयभीमवाला ना?"

"हो."

त्या खाली बसल्या. म्हणाल्या, "ऱ्हाय तू. मी कोनले सांगाव नही. पन फोटो-बिटो लावू नको, बाकीना भाडेकरू निंघी जातीन." आणि माझ्या हातात आमरसाचं पातेलं दिलं.

दादा, खोली वाचली होती. मला आनंद व्हायला हवा होता. पण ते पातेलं घरी आणलं आणि न चाखताच झाकून ठेवलं. कारण आता मी एकटी लपवत नव्हते, कलाबाई मला लपवून ठेवणार होत्या, आणि जन्मभर मी त्यांचे उपकार मानायचे.

रविवारी प्रफुल्लला सुट्टी होती. मी पेटी उघडली. तो म्हणाला, "मग राहायचं कुठे?" मी म्हटलं, "आधी खिळा ठोक." त्याने ठोकला. खिळा सरळ बसला.

संध्याकाळी कलाबाई पातेलं न्यायला आल्या. दारातच थांबल्या, भिंतीकडे बघत राहिल्या. रागावल्या नाहीत. डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "पुनवलोंग ऱ्हा."

पौर्णिमेपर्यंत. त्यांना ठाऊक नाही की ती आपली पौर्णिमा.

भेस्तानला आपल्या लोकांची वस्ती आहे, तिथल्या लक्ष्मणभाऊंनी एक खोली बघितली आहे. पत्र्याची आहे, नळ गल्लीच्या टोकाला, आणि भाडं इथल्यापेक्षा जास्त. प्रफुल्ल जादा पाळी करेल, मी साड्यांना टिकल्या लावायचं काम घेईन. कडुनिंब नाही तिथे. त्याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू.

तुम्ही आधी इथेच या, दादा. सामान प्रफुल्ल आणि लोटूभाऊ हातगाडीवर घालतील. फोटो मात्र तुम्ही हातात घ्यायचा, वर चादर न टाकता. वृषाली तुमचं बोट धरून पुढे चालेल.

वरती नमस्कार लिहिला तो इथल्या वर्षभराच्या सवयीने. खोडत नाही, राहू द्या. पण आईला पत्र वाचून दाखवाल तेव्हा सुरुवात इथून करा:

जयभीम, दादा. जयभीम, आई.

तुमची मुलगी,
रंजना प्रफुल्ल निकम